२०२४ ची मस्टँग जीटी किती पळते, आणि ट्यून करून किती वाढते?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: न्यू जर्सीत राहता, पुण्यात असताना स्विफ्ट चालवली, आता फोर्डच्या २०२४ च्या नव्या मस्टँग जीटीवर जीव बसलाय. जुन्यापेक्षा ती खरंच वेगळी आहे का, ट्यून करून (म्हणजे इंजिनाच्या कॉम्प्युटरची सेटिंग बदलून) किती हॉर्सपॉवर वाढेल, आणि मॅन्युअल घ्यावी की ऑटोमॅटिक.

मी डेट्रॉईटजवळ राहतो. ही गाडी जिथे बनते ते फ्लॅट रॉक माझ्या घरापासून फार लांब नाही. माझ्याकडे मागच्या पिढीची, म्हणजे २०१८ ची जीटी आहे आणि तिच्यावर मी नको तितके पैसे घातलेत. नवी गाडी मित्राची आहे, पण ट्रॅकवर ती मी बऱ्यापैकी चालवली आहे. तेव्हा जे सांगतो ते अनुभवाचं आहे, आणि त्यातला थोडा अनुभव महागात पडलेला आहे.

आधी गाडी नवी किती, ते बघू. बाहेरून आणि आतून नवी, खालून बरीचशी जुनीच. प्लॅटफॉर्म २०१५ सालच्या गाडीचाच सुधारून वापरलाय. स्टिअरिंग थोडं चपळ झालंय. डॅशबोर्डच्या जागी १२.४ आणि १३.२ इंचांचे दोन स्क्रीन आलेत. त्यात एक गंमत केली आहे: बटण दाबलं की १९८७ ते ९३ च्या मस्टँगसारखे जुने काट्याचे मीटर दिसतात. त्या काळातल्या ५.० लिटरच्या गाडीला २२५ हॉर्सपॉवर होती आणि लोक तिला राक्षस म्हणायचे. तुम्ही घेताय तिच्यात तेवढ्याच लिटरमध्ये ४८० आहेत, आणि अ‍ॅक्टिव्ह एक्झॉस्ट घेतलात तर ४८६.

ते कसं जमलं हे कळलं की ट्यूनिंगचा निम्मा प्रश्न सुटतो. हे कोयोट नावाचं व्ही८, म्हणजे आठ सिलिंडरचं इंजिन. २०११ मध्ये मस्टँगमध्ये आलं तेव्हा ४१२ हॉर्सपॉवर द्यायचं. २०१८ मध्ये कम्प्रेशन (सिलिंडरमध्ये मिश्रण किती दाबलं जातं ते प्रमाण) १२:१ वर नेलं, पेट्रोल दोन ठिकाणी फवारायला सुरुवात केली (एकदा इनटेक पोर्टमध्ये, एकदा थेट सिलिंडरमध्ये), आणि आकडा ४६० वर गेला. आता २०२४ ला हवा आत घ्यायला एकाऐवजी दोन वाटा आणि दोन थ्रॉटल बॉडी (हवेच्या झडपा) दिल्या, झाले ४८०. इंजिन ७५०० आरपीएमपर्यंत फिरतं, आणि खरी मजा ५००० च्या वर आहे. खाली ते शहाण्या मुलासारखं वागतं, म्हणून टेस्ट ड्राइव्हला गल्लीत फिरवून येणाऱ्यांना वाटतं, एवढं काय त्यात!

शून्य ते साठ मैल साधारण सव्वाचार सेकंदांत, पाव मैल साडेबारा सेकंदांच्या आसपास. स्विफ्टवरून येताय म्हणून सांगतो, पहिला महिना पाय जपून ठेवा. पिकअप नुसता जास्त नाही, तो संपतच नाही. हायवेच्या रॅम्पवर दुसऱ्या गिअरमध्ये पूर्ण पाय दिलात तर तो गिअर संपायच्या आत दंडाच्या वेगात पोचता.

आता ट्यूनिंग. या इंजिनाला टर्बो नाही. स्वतःच्या दमाने जितकी हवा ओढता येईल तितकीच ओढतं, आणि फोर्डच्या माणसांनी त्यातला रस जवळजवळ शेवटच्या थेंबापर्यंत पिळून घेतलाय. त्यामुळे ९३ ऑक्टेनवर (इथलं प्रीमियम पेट्रोल) नुसता सॉफ्टवेअर ट्यून केलात तर फार फार तर पंधरा-वीस हॉर्सपॉवर मिळतील, थ्रॉटल जरा हुशार होईल, गिअर पटापट पडतील. पाच-सातशे डॉलर देऊन एवढंच. ई८५ वर (बरंचसं इथेनॉल असलेलं इंधन) थोडे आणखी मिळतात, कारण इथेनॉल सिलिंडर थंड ठेवतं आणि स्पार्क लवकर देता येतो. मात्र ते तुमच्या जवळच्या कुठल्या पंपावर मिळतं ते आधी बघा. मिशिगनमध्ये मक्याचा मुलूख जवळ, म्हणून आम्हाला सोपं जातं. कोल्ड एअर इनटेक नावाचा जो चकाकता पाइप सगळे विकतात, तो या गाडीला लावू नका. दोन थ्रॉटल बॉडींना कारखान्यातूनच भरपूर हवा मिळते. आवाज वाढेल, वेग नाही.

लाँग ट्यूब हेडरने (इंजिनातला धूर बाहेर नेणारे लांब पाइप) खरा फरक पडतो, पण त्याबरोबर बहुतेक वेळा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (धूर स्वच्छ करणारा भाग) काढावा लागतो आणि ते केंद्रीय कायद्याने बेकायदा आहे. न्यू जर्सीत इन्स्पेक्शनला ओबीडीला (गाडीच्या कॉम्प्युटरच्या सॉकेटला) यंत्र लावून बघतात. आज ना उद्या पकडले जाल.

नव्या गाडीतला सगळ्यात मोठा बदल मात्र दिसत नाही, तो कुलपात आहे. हिची सगळी इलेक्ट्रॉनिक यंत्रणा नव्या धाटणीची आहे. एकेक कॉम्प्युटर दुसऱ्याची ओळख पटवून घेतो, कोणी बाहेरून हात घातला तर गाडीला कळतं. मुख्य अभियंते एड क्रेंझ यांनी गाडी आली तेव्हाच सांगून टाकलं होतं की हिला बाहेरच्यांनी ट्यून करणं पूर्वीपेक्षा खूप अवघड जाईल. ट्यूनरांच्या दुनियेत रडारड झाली. पुढे काहींनी वाट काढली आणि आज नव्या गाडीचे ट्यून मिळतात, पण माझ्या २०१८ च्या गाडीसारखं केबल लावली आणि दहा मिनिटांत झालं, असं आता नाही. खर्च वाढलाय, कटकट वाढली आहे, आणि मिळणारे हॉर्सपॉवर तेवढेच राहिलेत.

एवढं ऐकून तुम्ही म्हणाल, मग यूट्यूबवर लोक आठशे-हजार हॉर्सपॉवर कसे दाखवतात? सुपरचार्जरने. इंजिनाच्या पट्ट्यावर चालणारा पंप हवा जबरदस्तीने आत कोंबतो. १२:१ कम्प्रेशनवर असं करणं पूर्वी वेडेपणा ठरलं असतं, कारण दाबाने मिश्रण वेळेआधीच पेटतं आणि पिस्टनचा बळी जातो. इथे सिलिंडरमध्ये थेट फवारलेलं पेट्रोल आतली हवा थंड करतं, म्हणून जमतं. फोर्ड परफॉर्मन्स स्वतःच व्हिपल कंपनीचं ३ लिटरचं सुपरचार्जर किट विकते, तेही कारखान्याच्या ट्यूनसकट. त्याने जीटी ८०० हॉर्सपॉवरपर्यंत जाते. डीलरकडून बसवून घेतलंत तर ३ वर्षं किंवा ३६,००० मैलांची वॉरंटीही मिळते. किटलाच दहा हजार डॉलरच्या आसपास जातात, बसवायची मजुरी वेगळी. मला विचाराल तर पॉवर वाढवायचीच असेल तर हा एकच शहाणा रस्ता आहे. बाकी सगळं हौस आहे.

पण पॉवर वाढवायचीच का, हे आधी स्वतःला विचारा. माझी गोष्ट सांगतो म्हणजे कळेल.

गाडी घेतल्यावर पहिल्याच वर्षी मी एका ट्यूनरकडून ई-मेलवर ट्यून मागवला. त्याने रेव्ह लिमिट (इंजिनाच्या फेऱ्यांची कमाल मर्यादा) ७८०० वर नेलं होतं आणि मी खूश होतो. एका शनिवारी ड्रॅग स्ट्रिपवर (सरळ रेषेतल्या शर्यतीची पट्टी) सुटताना मागची चाकं उड्या मारायला लागली (याला व्हील हॉप म्हणतात, टायर धरतो-सोडतो, धरतो-सोडतो आणि तो हिसका पूर्ण गाडीतून इंजिनापर्यंत जातो). मी पाय काढायच्या ऐवजी तसाच दाबून ठेवला. गाडी रेव्ह लिमिटवर आपटली, ऑइल प्रेशरचा दिवा लागला आणि दोन-तीन सेकंदांत आवाज बदलला. या इंजिनात ऑइल पंपाचे गिअर धातूची पूड दाबून बनवलेले असतात. रोजच्या वापरात त्यांना शंभर वर्षं काही होणार नाही. अशा हिसक्याने मात्र ते फुटतात, आणि ऑइल थांबलं की बेअरिंग गेलंच. डीलरने कॉम्प्युटर वाचला, ट्यूनची खूण दिसली, आणि वॉरंटी नाही म्हणाला.

इकडे १९७५ चा मॅग्नसन-मॉस नावाचा कायदा आहे. त्यानुसार तुम्ही केलेल्या बदलामुळेच बिघाड झाला हे कंपनीला दाखवावं लागतं, नुसता बदल केला म्हणून वॉरंटी नाकारता येत नाही. लोक हा कायदा ढालीसारखा पुढे करतात. माझ्या बाबतीत चूक माझीच होती, भांडायला तोंड कुठे होतं? इंजिनाला पाच आकडी रक्कम गेली. बायकोने एकच वाक्य बोललं, "याच पैशात कोल्हापूरला पाच वेळा जाऊन आलो असतो." तेव्हापासून गाडी कारखान्याच्या ट्यूनवर आहे.

त्यानंतर मी पैसे दुसरीकडे घातले आणि गाडी खऱ्या अर्थाने वेगवान झाली. सगळ्यात आधी ब्रेक ऑइल. पहिल्या ट्रॅक-डेला, साउथ हेवनच्या जिंजरमॅन ट्रॅकवर, चौथ्या लॅपला पेडल पायाखाली स्पंजासारखं मऊ झालं. कंपनीचं ऑइल उकळलं होतं. साठ-सत्तर डॉलरचं जास्त तापमानाचं ऑइल आणि जाड पॅड टाकले, प्रश्न संपला. गाडी पावणेदोन टनांच्या वर आहे हे विसरू नका, इतकं वजन थांबवताना उष्णता कुठेतरी जाणारच. म्हणून नवी घेताना परफॉर्मन्स पॅक घ्याच: पुढे ३९० मिलिमीटरच्या ब्रेम्बो डिस्क, टॉर्सन डिफरन्शियल (मागच्या दोन चाकांत ताकद वाटणारा गिअर), रुंद टायर. नंतर बाहेरून लावायला गेलात तर दुप्पट पैसे जातील.

दुसरं म्हणजे पुढच्या चाकांचा कॅम्बर, म्हणजे चाकाचा आत-बाहेर कल. कारखान्यातून चाकं जवळजवळ उभी असतात. वळणात टायरची बाहेरची कड घासून निघते आणि पुढचा भाग सरळ पळतो. कॅम्बर प्लेट लावून चाकं आतल्या बाजूला थोडी झुकवली की गाडी वळायला लागते, आणि टायरही दुप्पट टिकतात. मागच्या सबफ्रेमचे (मागची चाकं धरणारा सांगाडा) रबरी बुश घट्ट करणारे ब्रेसही लावा. व्हील हॉपचं मूळ तिथेच आहे, आणि हे मला माझं इंजिन गमावल्यावर कळलं.

मित्राच्या नव्या जीटीवर सुपरचार्जर नाही, मी सांगितलेल्या या तीन गोष्टी मात्र केल्या आहेत. जिंजरमॅनवर एका सातशे हॉर्सपॉवरच्या मस्टँगला तो दर वळणात गाठायचा. सरळ रस्त्यावर ती पळून जायची, पुढच्या वळणाला पुन्हा हजर. आठशे हॉर्सपॉवर २७५ च्या टायरवर तिसऱ्या गिअरपर्यंत नुसता धूर काढते.

बजेट ताणता येत असेल तर डार्क हॉर्स, म्हणजे याच मस्टँगची वरची आवृत्ती बघा. ५०० हॉर्सपॉवर म्हणजे कागदावर जेमतेम वीस जास्त, म्हणून लोक नाक मुरडतात. पण तिच्यात जुन्या शेल्बी जीटी५०० चे (मस्टँगचीच जास्त ताकदीची आवृत्ती) फोर्ज केलेले कनेक्टिंग रॉड आहेत, आणि गिअरबॉक्स व मागच्या डिफरन्शियलला वेगळे कूलर आहेत. पुढे सुपरचार्जर लावायचा विचार असेल तर पाया तिचाच चांगला. इकोबूस्ट, म्हणजे चार सिलिंडरची ३१५ हॉर्सपॉवरची, नवीन मॉडेलमध्ये मॅन्युअल मिळतच नाही. विषय संपला.

आणि मॅन्युअलचं म्हणाल तर दहा गिअरची ऑटोमॅटिक वेगवान आहे, यात वाद नाही. जीटीची मॅन्युअल एमटी-८२ थंडीत दुसऱ्या गिअरला कुरकुर करते. डार्क हॉर्समध्ये ट्रेमेक कंपनीची आहे, ती लोण्यासारखी पडते. मी स्वतः मॅन्युअल चालवतो, कारण मला डाव्या पायाला काम लागतं. पण रोज पार्कवे हायवेच्या ट्रॅफिकमधून ऑफिसला जाणार असाल तर ऑटोमॅटिक घ्या, शिव्या कमी द्याल.

चालवायला जागा विचाराल तर तुमच्याकडे ड्रॅग स्ट्रिपची वाईट अवस्था आहे. इंग्लिशटाउनची २०१८ मध्ये बंद झाली, अ‍ॅट्को २०२३ ला. मिलव्हिलचं न्यू जर्सी मोटरस्पोर्ट्स पार्क मात्र आहे. तिथे नवशिक्यांच्या दिवसाला शेजारी इन्स्ट्रक्टर बसवून घ्या. त्या एका दिवसात जे शिकाल ते कुठल्याही ट्यूनमध्ये मिळणार नाही.

आणि हो, परफॉर्मन्स पॅकबरोबर येणारे पी झीरो हे उन्हाळी टायर आहेत. पारा पाच अंशांखाली गेला की त्यांचं रबर दगड होतं, बर्फ नसला तरी गाडी घसरते. नोव्हेंबर उजाडायच्या आत विंटर टायरचा दुसरा सेट बसवून घ्या.