अमेरिकेतल्या भावाची दारू सोडवायला आपल्या घरची रीत समजून घेणारा समुपदेशक कसा मिळेल?

तुमच्या प्रश्नातून मला कळलं ते असं: धाकटा भाऊ न्यू जर्सीत नोकरीला, दारू रोजची झालीय, वहिनी रात्री-अपरात्री फोन करून रडते आणि मुलुंडला आईबाबांना कशाचाच पत्ता नाही. तिथल्या समुपदेशकाने 'घरच्यांपासून जरा लांब राहा' म्हटल्यावर भावाने तिकडे जाणंच सोडलं. आता मराठी समुपदेशक शोधावा, की त्याला सरळ मुंबईला आणावं?

मी मुंबईत व्यसनमुक्तीच्या कामात आहे. परदेशातल्या मुलांचे आईवडील आमच्याकडे बरेच येतात.

आधी तातडीचं. रोज भरपूर पिणाऱ्याला आईची शपथ घालून एका दिवसात दारू बंद करायला लावू नका. थांबल्यावर पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते, पुढच्या दोन दिवसांत भ्रम होऊन माणूस दगावूही शकतो. सकाळी हात थरथरत असतील आणि प्यायल्यावरच थांबत असतील, तर दारू डॉक्टरांच्या देखरेखीखालीच सोडवायची. आणि लोकलच्या डब्यात ज्यांची जाहिरात चिकटवलेली असते, त्या 'न सांगता दारू सोडवा'वाल्या पुड्या कुणाच्या हाती तिकडे पाठवू नका. डायसल्फिरामसारखं औषध चोरून दिलं आणि वर तो प्यायला, तर जिवावर बेततं.

मराठी समुपदेशक मिळाला की झालं, असं मला वाटत नाही. तिकडे मराठी माणसं एकमेकांना ओळखून असतात. मंडळाच्या गणपतीत तोच समुपदेशक समोर आला तर काय, या धास्तीने कितीतरी जण आपल्या माणसाकडे जात नाहीत. म्हणून आधी भावालाच विचारा. त्याला परका बरा वाटत असेल तर परका चालेल, फक्त त्या परक्याला घराबद्दल विचारायची सवय हवी. तिकडचे तज्ज्ञ मानसिक आजारांच्या निदानासाठी जे पुस्तक वापरतात, त्या डीएसएम-५ मध्ये (२०१३) यासाठी १६ प्रश्नांची मुलाखतच दिली आहे: हा त्रास तू घरच्यांना कसा सांगशील, तुझ्या माणसांना त्याचं कारण काय वाटतं, वगैरे. भावाने पहिल्याच फोनवर विचारावं, 'ही मुलाखत घेता का? घरच्यांना सत्रात बसवता का?' उत्तर गुळमुळीत आलं तर दुसरा समुपदेशक बघावा.

घरच्यांना बसवल्याने काय होतं ते सांगते (ओळख पटेल असं सगळं बदललंय). तिकडचे सकाळचे साडेआठ, इकडचे संध्याकाळचे सहा. सत्र तिथला समुपदेशक व्हिडिओवर घेत होता, मी इथे आईवडिलांपाशी. आईने मोबाईल इतका जवळ धरला होता की मुलाला नुसतं तिचं कपाळ दिसत असणार. दारूचं नावही न काढता तिने विचारलं, 'जेवलास का रे?' समुपदेशक विषयावर यायला सांगणार, तेवढ्यात मी त्याला थांबवलं. मुलगा बराच वेळ गप्प, मग म्हणाला, 'आई, अन्न जातच नाही गं.' तोवर आई 'त्याला पित्ताचा त्रास आहे' असंच धरून बसली होती. त्या दिवसापासून तिने 'पित्त' म्हणणं सोडलं. मुलगा दर महिन्याला घरी पैसे पाठवतो, बाबांच्या औषधांची चौकशी करतो. त्याला नुसतं 'लांब राहा' सांगून तो राहणार नाही. कुणाशी, कधी, कशाबद्दल बोलायचं आणि कशाबद्दल नाही, हे सगळ्यांनी बसून ठरवावं लागतं. आईबाबांना सांगायचंच आहे, पण भावाच्या होकारानंतर.

मुंबईला आणायचं तर तो स्वतः तयार असेल तरच. १९८६ पासून पुण्यात काम करणाऱ्या मुक्तांगणसारख्या ठिकाणी राहून उपचार चांगले होतात, पण नंतर परत जायचं ते त्याच फ्लॅटवर. तिकडची पुढची व्यवस्था लावल्याशिवाय तिकीट काढू नका.

कंपनीला कळेल ही भीती मात्र बाजूला ठेवता येते. व्यसन-उपचार केंद्रांच्या नोंदींना तिकडे कायद्याचं वेगळं संरक्षण आहे. लेखी संमतीशिवाय त्या कंपनीला देता येत नाहीत. व्हिसाचा खरा धोका पिऊन गाडी चालवण्यात आहे, तिथे अटक झाली तर व्हिसा रद्द होऊ शकतो. गाडीची किल्ली आजपासूनच वहिनीकडे राहू दे.

आणि वहिनीला एकटं सोडू नका. पिणाऱ्यांच्या घरच्यांसाठी अल-अनॉनच्या सभा १९५१ पासून चालतात, ऑनलाइनही असतात, फी नसते. जिवाचं बरंवाईट करण्याची भाषा दोघांपैकी कुणीही केली तर तिकडे ९८८ या मदतीच्या नंबरवर फोन करा. मुलुंडला तुम्हाला किंवा आईबाबांना मराठीत बोलायचं असेल तर टेली-मानस ही सरकारी हेल्पलाइन, १४४१६, दिवसरात्र आणि मोफत.