पुण्याहून लहान मुलांना मुंबई दाखवायला न्यायचं आहे. आपली गाडी काढावी की ट्रेनने जावं?

घर कोथरूडला, मुलं चार आणि आठ वर्षांची, शनिवारी सकाळी निघून रात्री घरी परत आणि बघायचं काय, तर राणीची बाग आणि गेटवे. प्रश्नात तुम्ही एवढं दिलंय, त्यावरून सांगते : ट्रेनने जा. त्यातही डेक्कन क्वीनचं तिकीट मिळत असेल तर फार खल करू नका. माझं माहेर लालबागचं आणि सासर पुण्याचं, त्यामुळे मुलांना घेऊन हा रस्ता दोन्ही प्रकारे भरपूर तुडवून झालाय.

गाडीवाले लगेच म्हणतील, एक्सप्रेसवेने अडीच तासांत मुंबई. खरं आहे, पण त्यांची मुंबई म्हणजे वाशी. एक्सप्रेसवे 94.5 किलोमीटरचा, तो कळंबोलीला संपतो. पुढे सायन-पनवेल रस्ता, खाडीपूल, मानखुर्द, चेंबूर, आणि मग राणीची बाग. हे शेवटचे 35-40 किलोमीटर कधी पाऊण तासात सरतात, कधी दोन तास खातात, आणि निघताना कुणालाच काही सांगता येत नाही. मोठ्यांना त्याचं काही वाटत नाही, रेडिओ लावतात नि बसतात. चार वर्षांच्या मुलाला मात्र मानखुर्दला मधल्या लेनमध्ये अडकल्यावरच शू लागते. घाटाआधी फूड मॉलला विचारलं होतं तेव्हा 'नाही लागली' म्हणालेला असतो.

घाटाचं म्हणाल तर शनिवारी जाणाऱ्या पुणेकराला तो फारसा छळत नाही. शनिवारी सकाळी तुंबते ती मुंबईहून लोणावळ्याकडे चढणारी बाजू. आपण उलटे उतरत असतो, समोरची रांग बघून मनातल्या मनात खूश होत. रविवारी संध्याकाळी मात्र तीच मंडळी घरी परततात आणि मुंबईकडची बाजू भरते. त्यामुळे 'घाटात ट्रॅफिक असतो म्हणून गाडी नको' हे मी म्हणणार नाही. माझी अडचण वेगळीच आहे. आमच्या धाकटीला अमृतांजनपाशी मळमळायला लागतं (पूल 2020 मध्ये पाडला, पण जागेला अजून सगळे तेच नाव घेतात). तिथे गाडी कडेला घेता येत नाही, घ्यायचीही नाही. मग मी पुढच्या सीटवरून उलटी वळून, एका हातात पिशवी आणि दुसऱ्या हातात ओला रुमाल घेऊन थेट खोपोलीपर्यंत. मिसिंग लिंक या घाट टाळणाऱ्या नव्या रस्त्यामुळे वळणं टळली तरी चेंबूर काही टळत नाही. ट्रेनमध्ये तीच मुलगी त्याच डोंगरातून खिडकीला नाक लावून जाते, पोटात काही म्हणजे काही होत नाही.

पैशांचंही बघा. एक्सप्रेसवेचा टोल 2023 पासून मोटारीला एका वेळचा 320 रुपये आहे. जानेवारी 2024 मध्ये अटल सेतू झाला, चिर्ल्याहून थेट शिवडीला उतरवतो आणि तिथून राणीची बाग खरंच जवळ पडते. चेंबूरचा सगळा गोंधळ वाचतो, हे कबूल. पण त्याचे जायचे 250, जाऊन-येऊन 375. म्हणजे पेट्रोल भरायच्या आधी नुसता टोलच हजाराच्या पुढे. मुंबईच्या वेशीवरच्या नाक्यांवर ऑक्टोबर 2024 पासून मोटारींना टोल नाही, तेवढाच दिलासा. त्यानंतर पार्किंग. गेटवेच्या आसपास शनिवारी गाडी लावायला जागा शोधणं हा एक स्वतंत्र कार्यक्रम आहे, आणि टोइंगवाले आपल्यापेक्षा जास्त तत्पर असतात.

आता ट्रेनचं नीट सांगते, कारण तिथेही चुकीची गाडी निवडली तर वैताग होतो.

डेक्कन क्वीन पुण्याहून सकाळी 7:15ला सुटते आणि 10:25ला सीएसएमटीला पोहोचते. तुम्ही कोथरूडचे, म्हणजे वनाझहून मेट्रो पकडा, सहाला सुरू होते आणि थेट पुणे रेल्वे स्टेशनला सोडते. मुलांना मेट्रोचंही अप्रूप असतं, त्यामुळे पहाटे उठवल्याची कुरकुर कमी होते. आरक्षण 60 दिवस आधी उघडतं. शनिवार-रविवार धरून जायचं असेल तर अगदी त्या दिवशीच करा, आठवडाभर आधी जाग आली तर वेटिंगच मिळेल. मोठ्याचं पूर्ण तिकीट लागेल. धाकट्याला, म्हणजे पाच वर्षांच्या आतल्याला, तिकीट लागत नाही, पण मग त्याला सीटही नाही. माझं ऐकाल तर त्याचीही सीट काढाच. तीन तास मांडीवर चुळबुळणारं पोर म्हणजे काय ते तुम्हाला सांगायला नको.

क्वीन नाही मिळाली तर 7:50ची प्रगती बघा. ती पनवेलवरून जाते. 6:05ची सिंहगड मुलांना घेऊन टाळलेली बरी, रोजच्या पासवाल्यांची गाडी आहे ती. त्यांची बसायची जागा, पत्त्यांचा डाव, सगळं ठरलेलं असतं आणि त्यात आपण आगंतुक. वंदे भारत सोलापूरहून येते, पुण्यातून सव्वानऊच्या सुमाराला निघून मुंबईला दुपारी साडेबाराच्या पुढे पोहोचते. एका दिवसात परतायचं असेल तर तिचा उपयोग नाही.

क्वीन 1930 सालापासून चालू आहे, आणि तिला अजून बसून खायचा डबा आहे. तिथे जागा मिळाली तर मुलांना चीज टोस्ट खायला घाला, न्याहारीचा प्रश्नही मिटतो. पण खरी मजा लोणावळा सुटल्यावर. बोरघाटातला हा लोहमार्ग 1863चा, पंचवीसहून जास्त बोगदे. मोठ्याला ते मोजायला बसवा. प्रत्येक वेळी आकडा वेगळा येतो आणि त्यावरून जे भांडण होतं त्यात कर्जत कधी येतं कळत नाही. उताराला गाडी मध्येच थोडी थांबते, कारण नसताना थांबल्यासारखी. तिथे खिडकीतून बघायला सांगा : मुख्य रुळातून एक रूळ फुटून डोंगराकडे वर चढत जातो आणि तिथेच संपतो. कॅच सायडिंग म्हणतात त्याला. उतारावर एखाद्या गाडीचे ब्रेक निकामी झाले तर तिला त्या चढावर घालून थांबवायचं, अशी ती सोय. आमच्या मोठ्याने हे ऐकल्यावर पुढचा अर्धा तास दर दोन मिनिटांनी 'आपले ब्रेक लागतायत ना?' असं विचारून समोरच्या आजोबांना जेरीला आणलं होतं. येताना हाच चढ साधारण 37 फुटांना एक फूट असा आहे, म्हणून बहुतेक गाड्यांना कर्जतला मागून ढकलायला जादा इंजिनं लावतात. तेवढ्या वेळात खिडकीशी वडेवाले येतात. सुट्टे पैसे हाताशी ठेवा.

राणीची बाग भायखळ्याला, म्हणून सगळे सांगतील की दादरला उतरा आणि लोकलने पुढे जा. ऐकू नका. सकाळी दहाच्या सुमाराला दादरहून सीएसएमटीकडे जाणाऱ्या लोकलमध्ये दोन मुलं घेऊन चढणं म्हणजे शिक्षा आहे, शनिवारीसुद्धा. सरळ सीएसएमटीपर्यंत बसून राहा. तिथे उतरा, मुलांना ते स्टेशन वर मान करून नीट बघू द्या (माझ्या मते अर्धी मुंबई तिथेच बघून होते) आणि मग उलट्या दिशेची, म्हणजे कल्याण-ठाण्याकडची स्लो लोकल पकडा. मशीद, सँडहर्स्ट रोड, भायखळा, तिसरं स्टेशन. त्या वेळेला त्या बाजूला गर्दी नसते, मुलांना खिडकी मिळते आणि मुंबईची लोकल बघितल्याचं समाधानही. हार्बरच्या गाडीत मात्र बसू नका, ती भायखळ्याला जात नाही. स्टेशनच्या पूर्वेला उतरलात की बाग चालत जाण्याच्या अंतरावर आहे. पेंग्विनच्या रांगेत आधी उभे राहा, वाघ नंतरही भेटतो.

दुपारी टॅक्सीने गेटवेला या. काळी-पिवळीचं किमान भाडं 31 रुपये, चौघं आरामात मावता. वेळ असला तर बेस्टच्या लाल डबलडेकरमध्ये मुलांना वर बसवा, भाड्याच्या मानाने एवढी करमणूक मुंबईत दुसरी नाही. नुसता फेरफटका मारून साडेचारपर्यंत सीएसएमटीला परत या, कारण परतीची क्वीन 5:10ला आहे, रात्री 8:25ला पुण्यात. आणि चढायचं ते सीएसएमटीलाच. दादरला गाडी जेमतेम थांबते, तेवढ्यात मुलं, पिशव्या आणि गर्दीतून आपला डबा गाठायचा म्हणजे घाम फुटतो. इथे ट्रेनची एक बाजू लंगडी आहे हे मान्य करते : पाचनंतर दिवस संपला. मरीन ड्राइव्हचे दिवे बघायचे असतील तर क्वीन गेली म्हणून समजा, मग दादरहून एसटीची शिवनेरी बस, आणि घरी पोहोचेपर्यंत मध्यरात्र.

तुम्ही कोथरूडऐवजी वाकड-रावेतचे असता तर मी कदाचित उलटं सांगितलं असतं. तिकडून पुणे स्टेशन गाठेपर्यंत एक्सप्रेसवेवाला लोणावळ्याला पोहोचलेला असतो. सोबत गुडघे दुखणारी आजी असेल, वर्षाच्या आतलं बाळ असेल, किंवा मुक्काम ठाण्याला नाहीतर नवी मुंबईत नातेवाइकांकडे असेल, तरी गाडीच बरी. मुक्काम असला की एक मधला मार्गही निघतो. गाडी नातेवाइकांच्या इमारतीत नाहीतर वाशी-बेलापूरच्या स्टेशनच्या पार्किंगमध्ये लावायची आणि हार्बरने सीएसएमटी गाठायची. आम्ही हल्ली बऱ्याचदा तेच करतो. फक्त रविवारी मेगाब्लॉक आहे का ते आदल्या दिवशी बघून घ्या, बहुतेक असतोच.

पावसाळ्यात मात्र यातलं काहीच गृहीत धरू नका. जुलै 2023 मध्ये आडोशी बोगद्याजवळ दरड एक्सप्रेसवेवर आली होती, आणि रेल्वेच्या घाटातही मोठ्या पावसात गाड्या रद्द होतात. जून ते ऑगस्ट मुलांना मुंबई दाखवायचा बेतच ठेवू नका, नोव्हेंबर ते फेब्रुवारी जा.

आणि शनिवारऐवजी सुट्टीतला मधला वार धरणार असाल तर राणीची बाग बुधवारी बंद असते. गेटवेहून बोटीने घारापुरीला जायचा विचार मनात आला तर तिथे सोमवारी सुट्टी, आणि ते बागेबरोबर एका दिवसात बसत नाही.