कोडला अरबीत काय म्हणायचं?

प्रश्न : दुबईच्या एका कंपनीची कागदपत्रं मी मराठीत आणते. इंग्रजी प्रतीत सगळीकडे ‘कोड’, पण अरबीत कुठे रम्झ, कुठे कानून, कुठे शिफ्रा. असं का? आणि एका पत्रात खातेक्रमांकाचे आकडे पुढेमागे झाले, ते कशाने?

उत्तर : ओळखीची खूण असेल तिथे रम्झ. बँक ओळखायचा स्विफ्ट कोड, पोस्टाचा कोड, मोबाइलवर येणारा ओटीपी हे सगळे रम्झ. एटीएमचा पिन मात्र बहुधा ‘रक्म सिर्री’, म्हणजे गुप्त क्रमांक. मराठी माणूस नेमका इथेच फसतो. आपली ‘रक्कम’ याच शब्दावरून आली, पण अरबीत रक्म म्हणजे आकडा. पैशांची रक्कम म्हणजे मब्लग. ‘रक्म अल्-हिसाब’ला खातेक्रमांकच लिहा.

पीनल कोड म्हणजे ‘कानून अल्-उकूबात’. मराठीत दंड संहिता. मोरोक्कोचा २००४चा कौटुंबिक कायदा मात्र ‘मुदव्वना’ म्हणून ओळखला जातो, आणि हल्ली ब्लॉगलाही तोच शब्द आहे. आपला ‘कायदा’ अरबी ‘काइदा’वरून आला, तरी ‘काइदत बयानात’ दिसलं तर तो विदेचा, म्हणजे डेटाचा, कायदा नव्हे, साधा डेटाबेस.

सोर्स कोडला शिफ्रा किंवा सरळ ‘कूद’ म्हणतात. तश्फीर आणि तरमीझ यांची गल्लत करू नका : तश्फीरमध्ये मजकूर कुलूपबंद होतो, तरमीझमध्ये अक्षरांना फक्त संकेतांक मिळतात. शिफ्राचं मूळ अरबी सिफ्र, म्हणजे आपलं शून्य. हा शब्द युरोपात जाऊन गुप्तलिपीचा अर्थ घेऊन अरबीत परतला!

आता आकडे. अरबी ओळ उजवीकडून डावीकडे जाते. अरबी अक्षरांनंतर ‘१२३४ ५६७८’ असा जागा सोडून क्रमांक टाइप केला, की पडद्यावर ‘५६७८ १२३४’ दिसतो. गटातले अंक जागेवर राहतात, गट मात्र उलटतात. मध्ये आडवी रेघ असली तरी हेच होतं. म्हणून क्रमांक सलग लिहा, किंवा त्याच्या आधी डावीकडून-उजवीकडे हे अदृश्य चिन्ह घाला. मग आयबॅनशी, म्हणजे आंतरराष्ट्रीय बँक खातेक्रमांकाशी, ताडून बघा. अमिरातीचा आयबॅन २३ जागांचा असतो : एई ही दोन अक्षरं, २ तपासणी अंक, ३ बँकेचे आणि शेवटचे १६ खात्याचे.

कागद अरबी अंकांत असेल तर आणखी जपा. त्यातला पोकळ गोल म्हणजे पाच; शून्य हा नुसता ठिपका, आणि फोटोकॉपीत तो सहज पुसला जातो.