रिपोर्टची वाट पाहताना होणारी चिडचिड

‘डॉक्टरांची वेळ तीन आठवड्यांनंतरची मिळते, तपासणीचा रिपोर्ट ‘परवा या, सोमवारी या’ म्हणता म्हणता लांबत जातो, आणि या सगळ्यात मी घरच्यांवर उगाच खेकसू लागले आहे. माझा स्वभावच बिघडला आहे का?’ असा प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत माझ्याकडे वारंवार येतो. विचारणारे बहुतेक जण आधी आपल्या चिडण्याबद्दल दिलगिरी व्यक्त करतात आणि मग बोलू लागतात. आजारपणात माणसाने शांत राहिले पाहिजे, कुरकुर करू नये, डॉक्टर कामात असतात हे समजून घेतले पाहिजे, असे त्यांनी इतक्यांदा ऐकलेले असते की आपली चिडचिड हा आपलाच दोष आहे, अशी त्यांची खात्री झालेली असते. मला हे मान्य नाही, आणि का मान्य नाही ते एका अनुभवाच्या आधारे सांगते. ज्यांचा हा अनुभव आहे त्यांची परवानगी घेतली आहे, आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

त्या जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहेत, वय चाळिशीच्या पुढचे, घरी पती, सासूबाई आणि दहावीतला मुलगा. स्तनात गाठ लागल्यामुळे त्यांनी तालुक्याच्या गावी सोनोग्राफी आणि मॅमोग्राफी करून घेतली, तिथून त्यांना शहरातील सर्जनकडे पाठवण्यात आले आणि सर्जनने सुईने गाठीचा तुकडा काढून बायोप्सीला पाठवला. ‘आठवडाभरात कळेल’ असे त्यांना सांगितले गेले होते. त्या माझ्याकडे आल्या तेव्हा तिसरा आठवडा सुरू झाला होता आणि रिपोर्टचा पत्ता नव्हता.

पहिल्या भेटीत त्या गाठीबद्दल जवळजवळ बोलल्याच नाहीत. दवाखान्याच्या काउंटरवरील मुलगी मान वर न करता कशी बोलते, लॅबचा फोन कसा वाजून वाजून बंद होतो, डॉक्टरांच्या नंबरासाठी सकाळी आठला फोन लावला तर आठ वाजून पाच मिनिटांनी ‘आजचे नंबर संपले’ हे उत्तर कसे मिळते, हेच त्या सांगत राहिल्या. लॅबची पावती त्यांनी मोबाइलच्या कव्हरमध्ये मागच्या बाजूला घडी करून ठेवली होती. ती इतक्यांदा काढून पाहिली गेली होती की घडीवरचा नोंदणी क्रमांक पुसट झाला होता आणि त्यांनी तो निळ्या पेनाने पुन्हा गिरवला होता. बोलता बोलता त्यांनी फोनवर लॅबचे पान उघडले, ‘प्रलंबित’ हा शब्द पाहिला आणि फोन उलटा करून ठेवला. तासाभरात हे कितीदा तरी झाले, आणि त्यांच्या ते लक्षातही आले नसावे.

मग घरची गोष्ट निघाली. मुलाने वही सापडत नाही म्हणून हाक मारली तेवढ्यावरून त्यांनी त्याला असे झापले होते की तो न जेवता झोपला. सासूबाई ‘देवावर भरवसा ठेव’ म्हणाल्या तर त्यांना उलट उत्तर गेले. पती दररोज रात्री ‘धीर धर, सगळे ठीक होईल’ म्हणत होते आणि त्या शब्दांनी त्यांचा संताप अधिकच वाढत होता. ‘मॅडम, मी वर्गातल्या चाळीस पोरांना सांभाळते, मला घरातले एक पोर सांभाळता येईना झाले आहे,’ असे त्या म्हणाल्या आणि तेव्हा पहिल्यांदा रडल्या.

अशा वेळी दीर्घ श्वास घ्यायला सांगणे सोपे असते, आणि श्वासाचे व्यायाम उपयोगी आहेत यात शंका नाही. परंतु ज्या माणसाला नेमकी माहिती मिळालेली नाही त्याला आधी माहिती मिळवून दिली पाहिजे, असे माझे मत आहे. वाट पाहण्यात दोन वेगळे काळ मिसळलेले असतात. एक काळ कामाला खरोखरच लागणारा असतो, आणि दुसरा केवळ कोणी कळवले नाही, कागद कुठेतरी अडकला, म्हणून वाया गेलेला असतो. पहिल्यासाठी धीर हवा. दुसऱ्यासाठी चौकशी हवी. रुग्णाला या दोहोंतला फरकच कळत नसेल तर तो धीरही धरू शकत नाही आणि योग्य ठिकाणी विचारूही शकत नाही, आणि मग त्याचा सगळा राग जो समोर येईल त्याच्यावर, म्हणजे बहुधा घरातल्या लहान माणसावर निघतो.

म्हणून दुसऱ्या भेटीत आम्ही बायोप्सीच्या तुकड्याचे पुढे काय होते ते एका कागदावर लिहून काढले. तुकडा आधी फॉर्मॅलिनमध्ये, म्हणजे तो खराब होऊ न देणाऱ्या द्रावणात ठेवतात, आणि स्तनाच्या नमुन्यासाठी किमान सहा तास तो त्यात मुरावा लागतो, कारण घाई केली तर पुढच्या काही चाचण्यांचे निष्कर्ष विश्वासार्ह राहत नाहीत. त्यानंतर यंत्रात त्यातील पाणी काढून टाकून त्यात पॅराफिन मेण भरले जाते. हे काम सहसा रात्रभर चालते. मेणाचा ठोकळा तयार झाला की त्याचे तीन ते पाच मायक्रॉन जाडीचे, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागात मोजावे लागतात इतके पातळ काप काढतात, ते काचेवर घेऊन रंगवतात आणि मग पॅथॉलॉजिस्ट ते सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. एवढ्यावर निदान स्पष्ट झाले तर काही दिवसांत रिपोर्ट मिळतो. ते स्पष्ट झाले नाही तर इम्युनोहिस्टोकेमिस्ट्री नावाची, पेशींमधली ठरावीक प्रथिने रंगाने दाखवणारी पुढची चाचणी करावी लागते, तिला आणखी काही दिवस लागतात आणि बहुतेक खासगी लॅबमध्ये तिचे पैसे वेगळे भरावे लागतात. उशीर झाला म्हणजे वाईटच निघाले असणार, असे त्यांनी मनाशी ठरवून टाकले होते. उशीर पाहून निदानाचा अंदाज बांधता येत नाही, ही साधी गोष्ट त्यांना तोपर्यंत कोणीही सांगितली नव्हती.

मॅमोग्राफीच्या रिपोर्टवरील ‘बायरॅड्स ४’ या शब्दांनीही त्यांची झोप उडवली होती. रात्री दोन वाजता इंटरनेटवर शोधून त्यांनी ‘चौथी पायरी म्हणजे चौथी स्टेज’ असा अर्थ लावला होता. प्रत्यक्षात ही वर्गवारी प्रतिमेत दिसणाऱ्या संशयाची आहे, आजाराच्या टप्प्याची नाही; चौथ्या वर्गात कर्करोगाची शक्यता २ टक्क्यांपासून ९५ टक्क्यांपर्यंत कितीही असू शकते आणि म्हणूनच बायोप्सी सुचवतात. हे ऐकल्यावर त्यांची भीती गेली असे मी म्हणणार नाही, पण तिला किमान खरा आकार आला.

त्यानंतर आम्ही फोनवर काय विचारायचे ते ठरवले. आतापर्यंत त्या एकच प्रश्न विचारत होत्या, ‘रिपोर्ट आला का?’ या प्रश्नाला ‘नाही’ एवढेच उत्तर मिळते आणि समोरचा माणूस फोन ठेवायला मोकळा होतो. त्याऐवजी त्यांनी असे विचारायचे ठरले: माझा नमुना आज कोणत्या टप्प्यावर आहे? पॅथॉलॉजिस्टनी पुढची एखादी चाचणी मागितली आहे का? मागितली असेल तर ती सुरू झाली का, आणि माझ्याकडून काही राहिले आहे का? मी नेमक्या कोणत्या दिवशी फोन करू, आणि कोणाचे नाव घेऊन? बोलणाऱ्याचे नाव, तारीख आणि वेळ लिहून ठेवायची, आणि दिवसातून एकदाच फोन करायचा. हे सगळे त्यांनी अगदी शिक्षिकेच्या शिस्तीने वहीत उतरवून घेतले.

माझ्यासमोरच त्यांनी फोन लावला आणि चौथ्या प्रश्नापर्यंत जावेच लागले नाही. पॅथॉलॉजिस्टनी पुढची चाचणी आठ दिवसांपूर्वीच मागितली होती. लॅबने तसे सर्जनच्या दवाखान्यात कळवले होते, तिथे ज्यांनी निरोप घेतला त्या रजेवर गेल्या होत्या, आणि संमती व पैसे न आल्यामुळे चाचणी सुरूच झाली नव्हती. म्हणजे आठ दिवस तो मेणाचा ठोकळा नुसता पडून होता, आणि त्याच आठ दिवसांत एका घरात कोणाला सुखाने घास गिळता येत नव्हता. फोन ठेवल्यावर त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, ‘म्हणजे मी उगीच चिडत नव्हते.’ त्यांचे म्हणणे शंभर टक्के खरे होते.

पुढच्या भेटीला त्यांचे पती सोबत आले. ‘धीर धर’ हे वाक्य काही दिवस बाजूला ठेवा आणि त्याऐवजी एखादे काम अंगावर घ्या, एवढेच मी त्यांना सांगितले. लॅबचा फोन आणि पैसे भरणे त्यांनी आपल्याकडे घेतले, आणि रिपोर्ट येण्याची वाट न पाहता सर्जनची पुढची वेळ आधीच घेऊन ठेवली. अनेक घरांत रिपोर्ट हाती आल्यावर नंबर लावला जातो, मग पुन्हा दहा-पंधरा दिवसांची तारीख मिळते आणि ते दिवस उघडलेल्या पण न समजलेल्या रिपोर्टसोबत काढावे लागतात. दोन्ही तारखा जुळवून घेतल्या तर हा त्रास टळतो. डॉक्टरांसमोर मिळणारी सात-आठ मिनिटे हातची जाऊ नयेत म्हणून प्रश्न कागदावर लिहून न्यायचे, सर्वांत महत्त्वाचा सर्वांत वर, हेही त्यांनी पाळले.

रात्रीच्या विचारांसाठी मी त्यांना काळजीची ठरावीक वेळ नेमायला सांगितली. संध्याकाळी साडेसहा ते सात या वेळात मनात येईल ते सगळे वहीत लिहायचे, लॅबचे पान पाहायचे असेल तर तेव्हाच पाहायचे, आणि दिवसभरात विचार आला की ‘साडेसहाला बघू’ म्हणून तो पुढे ढकलायचा. हे पहिल्या दिवसापासून जमत नाही आणि त्यांनाही जमले नाही. मात्र आठवडा संपता संपता पान उघडण्याचे प्रमाण खूपच कमी झाले. मुलालाही त्यांनी स्वतःच सांगितले की आईची एक तपासणी चालू आहे, उत्तर यायचे आहे, आणि आई चिडते ती त्याच्यामुळे नाही. दहावीतल्या मुलाला घरात काहीतरी लपवले जात असल्याचे कळतच असते, त्यामुळे हे सांगणे मला फार गरजेचे वाटत होते.

रिपोर्ट आला. दुग्धनलिकांभोवतीचा पेशींचा बाहेरचा थर शाबूत असल्याचे नव्या चाचणीत दिसले, म्हणजे गाठ कर्करोगाची नव्हती, आणि सहा महिन्यांनी पुन्हा सोनोग्राफी करण्यास सांगण्यात आले. घरात पेढे वाटले गेले. आणि त्यानंतरच्या आठवड्यात त्या पुन्हा माझ्याकडे आल्या, कारण राग गेलेला नव्हता. ‘आता सगळे चांगले झाले ना, मग आता कशाला तेच ते?’ असे जो तो म्हणत होता. निकाल चांगला आला म्हणजे वाट पाहण्यात सोसलेले पुसले जाते, असे लोकांना वाटते; पण ते दिवस तर जगून झालेले असतात. त्या रागाचे काय करायचे, यावर आम्ही बोललो आणि त्यांनी दवाखान्याला व लॅबला एक पानाचे पत्र लिहिले. त्यात कोणाच्याही वागण्याबद्दल तक्रार नव्हती, दोन मागण्या होत्या: पुढची चाचणी लागली तर निरोप थेट रुग्णाच्या फोनवर यावा, आणि पावतीवर अपेक्षित तारीख लिहिलेली असावी. लॅबकडून उत्तर आले आणि संदेश थेट रुग्णाला पाठवण्यास सुरुवात केल्याचे त्यात म्हटले होते. दवाखान्याकडून काहीच आले नाही.

वाचणाऱ्यांपैकी अनेकांचा संबंध सरकारी रुग्णालयाशी येत असेल, आणि तिथे फोन करून टप्पा विचारणे इतके सरळ नसते, याची मला जाणीव आहे. तिथे समाजसेवा अधीक्षकांना भेटावे; कागद नेमका कुठे अडकला आहे हे शोधून देणारी व्यक्ती अनेकदा तीच असते. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेतून उपचार होणार असतील तर मंजुरीची चौकशी योजनेतल्या रुग्णालयातील आरोग्यमित्राकडे करता येते. राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाने २०१८ मध्ये तयार केलेल्या रुग्णहक्कांच्या सनदेत आपल्या आजाराची माहिती मिळणे, कागदपत्रे व रिपोर्ट मिळणे आणि दुसऱ्या डॉक्टरांचे मत घेणे हे रुग्णाचे हक्क मानले आहेत, तेव्हा विचारताना ओशाळण्याचे कारण नाही. काही चाचण्यांना मात्र खरोखरच वेळ लागतो: क्षयरोगाच्या निदानासाठी सीबीनॅट चाचणीचे उत्तर यंत्रातून साधारण दोन तासांत मिळते, पण त्याच आजाराच्या कल्चरचा, म्हणजे नमुन्यातले जंतू वाढवून पाहण्याच्या चाचणीचा, अंतिम रिपोर्ट ‘जंतू वाढले नाहीत’ असा द्यायचा तर द्रव माध्यमात ४२ दिवस थांबावे लागते, आणि तिथे रोज खेटे घालून उपयोग होत नाही.

आणखी एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. तारीख पुढची आहे म्हणून घरी थांबू नये अशाही अवस्था असतात; धाप वाढणे, छातीत दुखणे, थांबत नसलेला रक्तस्राव, अचानक तोंड वाकडे होणे किंवा हातापायातली शक्ती जाणे, शुद्ध हरपणे, यांपैकी काहीही झाले तर नंबराचा विचार न करता १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी किंवा थेट तातडीच्या विभागात जावे. वाट पाहताना झोप पूर्ण उडाली असेल, जेवण जात नसेल, जगणे नको असे विचार येत असतील, तर ‘रिपोर्ट आल्यावर बघू’ असे म्हणू नये. टेली-मानस ही सरकारी मोफत सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास उपलब्ध आहे आणि तिथे मराठीतून बोलता येते.