सांगलीत बसून चांगल्या विज्ञानकथा आणि फँटसी पुस्तकं ऑनलाइन कशी शोधावीत?

पुरस्कारांच्या नामांकनांची यादी उघडा, आणि त्यातल्या लेखकाची एखादी लघुकथा फुकटात वाचून मगच पुस्तक मागवा. सांगलीतल्या एका वाचनालयात मी सभासदांना पुस्तकं सुचवतो, तिथे हीच पद्धत सगळ्यात कमी फसते. १९५३ पासून दिल्या जाणाऱ्या ह्यूगो पुरस्काराला जागतिक विज्ञानकथा संमेलनाचे सभासद, म्हणजे मुख्यतः वाचक, मतं देतात. नेब्युला या दुसऱ्या पुरस्काराला या क्षेत्रातले लेखक मतं देतात. दोन्ही याद्यांत एकच नाव दिसलं तर ते आधी घ्या, कारण गोष्टही रंगलेली असते आणि कारागिरीही पक्की असते. फँटसीसाठी वर्ल्ड फँटसी अवॉर्डची यादी बघा. लघुकथा क्लार्क्सवर्ल्ड मासिकाच्या साइटवर मोफत मिळतात. मालिकेतलं पुस्तक असेल तर आयएसएफडीबी (ISFDB) या विज्ञानकथा-फँटसी पुस्तकांच्या ऑनलाइन डेटाबेसवर क्रम बघितल्याशिवाय ऑर्डर देऊ नका, नाहीतर थेट तिसरा भाग घरी येतो. वाचकांच्या अभिप्रायांत पाच ताऱ्यांचं कौतुक सोडा, तीन ताऱ्यांचे वाचा; काय भावलं आणि कुठे गाडी अडली, हे दोन्ही तीच माणसं लिहितात.

एक मात्र लक्षात घ्या: या याद्या जवळजवळ पूर्णपणे इंग्रजीच्या आहेत, मराठी लेखन तिथे सापडणार नाही. मराठीसाठी मराठी विज्ञान परिषदेच्या विज्ञानकथा स्पर्धेतल्या विजेत्यांची नावं शोधा. जयंत नारळीकरांनीही त्या स्पर्धेला टोपणनावाने कथा पाठवली होती आणि बक्षीस मिळवलं होतं.