अर्ध्या फेरीतच दम लागला!

प्रश्न : बाई, नमस्कार. माझं वय ४७, जुळे सोलापुरात राहते. सहा वर्षं पोहण्याच्या सकाळच्या महिला बॅचला जात होते, वीस फेऱ्या सहज व्हायच्या. मग सासूबाईंचं खुब्याचं हाड मोडलं आणि चौदा महिने तलावाकडे फिरकले नाही. गेल्या सोमवारी गेले, तर पहिल्याच फेरीत मध्यावर दम लागला. कशीबशी कड गाठली. तिसऱ्या दिवशी उजवा खांदा भरून आला. तेव्हापासून गेलेच नाही. लेक म्हणते, आता वय झालं, जिम लाव. खरं सांगू का, बॅचमधल्या बायकांसमोर जायची लाजही वाटते. काय करू?
— एक वाचक, सोलापूर

उत्तर : ताई, पोहणं अंगातून जात नाही. मी आठव्या वर्षी मामाच्या विहिरीत पाठीला रॉकेलचा रिकामा डबा बांधून शिकले; आज अडुसष्टाव्या वर्षीही ढकलून दिलंत तरी तरंगेन. दमाचं तसं नाही. सराव सुटला की दोन-तीन आठवड्यांतच तो उतरायला लागतो. तुमचे हात सोमवारी जुन्याच वेगाने चालले आणि दम मागे राहिला. मुळीच पोहता न येणारी बाई पहिल्या दिवशी जपून उतरते. फसतं ते तुमच्या-माझ्यासारखं माणूस.

माझ्यासारखं म्हणते, कारण मनगट मोडल्यावर पाच महिन्यांनी मी तलावावर गेले, तेव्हा माझ्याच हाताखाली शिकलेल्या दोन पोरी शेजारच्या लेनमध्ये होत्या. झालं! बाईंनी हट्टाने वीस फेऱ्या मारल्या. संध्याकाळी भाकरी थापायला हात उचलेना. पुढचे तीन महिने भाकऱ्या आमच्या ह्यांनी केल्या. त्या भाकऱ्यांबद्दल न बोललेलंच बरं.

तेव्हा तो वीसचा आकडा आधी डोक्यातून काढा. फेऱ्या मोजूच नका, घड्याळ बघा. पहिले दोन आठवडे एक दिवसाआड, वीस मिनिटं, त्यात थांबणंही धरलेलं. एक फेरी झाली की कडेला थांबायचं. किती वेळ? एक अख्खं वाक्य न धापता बोलता येईपर्यंत. मगच दुसरी.

आणि उतरल्याबरोबर पोहू नका. छातीभर पाण्यात उभ्या राहा, कडेचा पाइप धरा, तोंड पाण्यात घाला आणि नाकातोंडातून बुडबुडे सोडत श्वास पूर्ण बाहेर टाका. सावकाश, मनात चारपर्यंत मोजत. मग तोंड वर, श्वास आत. असं दहा वेळा. खंड पडलेली माणसं पाण्यात तोंड घातलं की श्वास कोंडून धरतात आणि वर आल्यावर एकाच झटक्यात सोडायचं नि घ्यायचं बघतात. जुनी हवा आत साठत जाते, जीव घाबरतो, आपल्याला वाटतं वय झालं.

खांद्याचं जरा नीट ऐका. तीन-चार आठवड्यांत दम बऱ्यापैकी परत येईल आणि तुम्हाला जोर चढेल. खांदा दुखावतो तो नेमका तेव्हा, कारण स्नायूंना हाडाशी बांधणाऱ्या दोऱ्या दमाइतक्या लवकर तयार होत नाहीत. म्हणून खांदा भरून आलेला असेपर्यंत फ्रीस्टाइल, म्हणजे हात डोक्यावरून फिरवत पोहणं, बंद. किकबोर्ड, म्हणजे ती तरंगणारी फळी, धरून नुसते पाय मारा; हात पुढे ताणूनही कळ आली तर बोर्ड पोटाशी धरून उताण्या व्हा. मात्र रात्री त्या कुशीवर झोपवत नसेल, किंवा पाठीमागे ब्लाऊजचं हूक लावताना हात अडत असेल, तर तलाव राहू द्या, आधी डॉक्टरांना दाखवा. चाळिशी-पन्नाशीत खांदा आखडतो, बायकांचा जास्त. साखर असेल तर आणखीच.

डॉक्टरांकडे गेलातच तर बीपी आणि साखरही बघून घ्या. छातीत दुखलं, चक्कर आली, तर त्या दिवशी तिथेच बाहेर यायचं. साखरेच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असेल तर रिकाम्या पोटी उतरायचं नाही, आणि किती काय खायचं ते त्यांनाच विचारा. गोळ्या-इन्सुलिन काही नसेल तर निघण्याआधी अर्धं केळं पुरे. तलावावरून आल्यावर कडकडून भूक लागते; शेंगाचटणी आणि शिळी भाकरी त्या वेळी जशी लागते तशी एरवी लागत नाही.

दिवस ठरवताना नळाचं पाणी कधी येतं ते बघा. आपल्या गावात पाणी काही दिवसांआड येतं. त्या पहाटे तुम्ही बादल्या आणि मोटर सोडून येणार नाही, मीही येत नाही. तो दिवस आधीच सुट्टीचा धरा, म्हणजे बुडाला असं वाटत नाही. पिशवी रात्रीच दाराशी ठेवा. आणि सोलापूरची असून सांगते, आपला जाड टॉवेल नेऊ नका, ओला झाला की दगड होतो. पंचा न्या. टोपी घालण्याआधी केस साध्या पाण्याने भिजवून घ्या. आधीच ओले असले की क्लोरीनचं पाणी कमी शोषतात.

लेकीला म्हणावं, जिमचं पावसाळ्यानंतर बघू.

राहिली लाज. तुम्ही कडेला थांबलात की बायका विचारणारच, इतके दिवस कुठे होता? सासूबाईंचं सांगा. मग त्या आपापल्या सासवांचं सांगतील. शिकवत होते तेव्हा कडेला गप्पा मारणाऱ्या बायकांवर मी शिटी वाजवायचे, पण तुम्हाला आता तेवढीच विश्रांती हवी आहे.