‘भित्रेपणाचे जनुक’ म्हणावे का?

प्रश्न असा आहे: सेरोटोनिन या मेंदूतल्या रसायनावरच्या लेखाचा अनुवाद करताना ‘भित्रेपणाचे जनुक’ हा शब्दप्रयोग चालेल का? चालत नसेल तर काय लिहावं?

व्याकरणाच्या दृष्टीनं त्यात खोट नाही. घोळ षष्ठीचा आहे. ‘-चे’ लागला की वाचणारा सरळ ‘ज्याच्यामुळे माणूस भित्रा होतो ते’ असा अर्थ घेणार, आणि एवढा मोठा दावा त्या जनुकाबद्दल करता येत नाही.

ज्याला हे नाव देतात ते जनुक माणसाच्या १७व्या गुणसूत्रावर असतं. (गुणसूत्र आणि जनुक यांची सर्रास अदलाबदल होते, तेवढी टाळा.) दोन चेतापेशींमधल्या फटीत सोडलेलं सेरोटोनिन उचलून परत पेशीत नेणारं एक प्रथिन असतं, सेरोटोनिन-वाहक, ते या जनुकावरून बनतं. जनुकाच्या नियंत्रक भागाची दोन मुख्य रूपं आढळतात, लांब आणि आखूड. आखूड रूपामुळे वाहक कमी बनतो. आखूड रूप आणि चिंताळू स्वभाव यांचा संबंध १९९६ मध्ये दाखवला गेला, पण त्याच निबंधात आकडाही होता: माणसामाणसांतल्या चिंताळूपणाच्या एकूण फरकापैकी जेमतेम ३ ते ४ टक्के. बाकीचे ९६ टक्के ‘भित्रेपणाचे जनुक’ या दोन शब्दांत कुठे बसवायचे?

खरी गंमत पुढे आहे. २००२ मध्ये संशोधकांच्या एका गटानं निरोगी माणसांना स्कॅनरमध्ये झोपवून घाबरलेले आणि रागावलेले चेहरे दाखवले. मेंदूत अमिग्डला नावाचा बदामाएवढा भाग असतो, धोक्याची चाहूल लागली की तो चाळवतो. आखूड रूप असणाऱ्यांत तो जास्त चाळवला. २००५ मध्ये त्याच गटानं ९२ जणांवर प्रयोग केला तेव्हाही तेच दिसलं. पण या लोकांच्या स्वभावचाचणीत, म्हणजे ते धोका किती टाळतात या मोजमापात, त्याचा मागमूस नव्हता. मेंदूनं प्रतिसाद दिला, माणूस मात्र भित्रा ठरला नाही. तेव्हा ‘भित्रा’ हा स्वभाववाचक शब्द इथे वापरणं म्हणजे जे मोजलंच नाही, किंवा मोजून सापडलं नाही, ते लिहिणं.

मराठीत याला लागणारे शब्द पडलेत तसे. मोठा आवाज झाला की डोळ्याची पापणी क्षणात मिटते. प्रयोगशाळेत डोळ्याखाली संवेदक चिकटवून हेच मोजतात. हे दचकणं. काहीतरी वाईट होणार या अपेक्षेनं तळहाताला घाम सुटतो, ती धास्ती. होऊन गेल्यावरही मनातून जात नाही तो धसका. आणि यांतलं वारंवार, कारण नसताना व्हायला लागलं तर भित्रेपणा. इंग्रजीतला ‘थ्रेट’ बाहेरचा असतो, त्याला ‘धोका’ म्हणा. ‘भीती’ आतली, तिचा अनुभव येतो. ‘भीतीला प्रतिसाद’ असं लिहिलंत तर माणूस आपल्याच भीतीला घाबरतोय असं वाटेल.

आणखी एक खाच. फ्लुओक्सेटिनसारखी नैराश्यावरची औषधं हाच वाहक अडवतात आणि चिंता कमी करतात. मग जन्मतः वाहक कमी असलेल्याची चिंता वाढावी कशी? उंदरांवरच्या प्रयोगांतून एक धागा मिळतो: जन्मानंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत हे औषध दिलेली पिल्लं मोठेपणी जास्त चिंताळू झाली. म्हणजे मेंदू घडत असताना काय होतं ते वेगळं, आणि घडून झाल्यावर वेगळं. यासाठी अनुवादात ‘सेरोटोनिन वाढले’, ‘कमी झाले’ एवढ्यावर भागवू नका. कुठे आणि कोणत्या वयात, ते लिहा.

(आयुष्यातले ताण, हे जनुक आणि नैराश्य यांची २००३ मध्ये जोडलेली साखळी तुमच्या लेखात असेल, तर २०१९ मध्ये लाखो लोकांच्या माहितीवर केलेल्या तपासणीत ती टिकली नाही हेही टीपेत टाका.)

माझ्या मते वाक्य असं करावं: ‘सेरोटोनिन-वाहकाच्या जनुकाचे आखूड रूप असलेल्यांमध्ये धोक्याला मेंदूचा प्रतिसाद सरासरीने थोडा तीव्र आढळला.’ लांबलचक आहे, मान्य. मथळ्यात मावत नसेल तर ‘धोका आणि जनुके’ करा. आणि हो, शब्द ‘आनुवंशिक’ असा आहे, पहिला ‘आ’ दीर्घ. ‘अनुवंश’ला ‘इक’ प्रत्यय लागला की आदिस्वराची वृद्धी होते, ‘समाज’चं ‘सामाजिक’ होतं तशीच.